जून काठीचं घर

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या गावच्या घराची मागची भिंत पडली. पहाटेची वेळ, आई माजघरात एकटीच निजलेली. आठवडाभर पाऊस हलायला तयार नव्हता. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, सगळ्या नद्या एकदमच फुगल्या होत्या. बेळगावात कितीतरी गल्ल्यांत पाणी शिरलं होतं आणि खानापूरकडचे रस्ते बंद होते. भिंत पडल्याचं मला फोनवर कळलं. घर डोळ्यांनी बघायला मिळालं ते चौथ्या दिवशी, जांबोटीपर्यंत बसनं आणि पुढं चिखलातून चालत गेल्यावर.

कच्च्या विटांची भिंत पडते म्हणजे काय होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. आधी खालचा हातभर भाग पाणी पिऊन मऊ होतो, मग वरचं ओझं त्याच्यावर बसतं आणि सगळी भिंत आपल्याच पायात विरघळून येते. वासे, रिपा, कौलं, सगळं त्या लाल चिखलात पडलेलं. भाताची कणगी भिजून फुगली होती. आई चिखलातून एकेक भांडं काढून पुसत होती. बोलत नव्हती.

त्या ढिगाऱ्याच्या पलीकडं आज्जीची पडवी मात्र उभी होती.

ही पडवी म्हणजे घरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. जळण, गोवऱ्या, मोडका नांगर आणि पावसाळ्यात कोंबड्या, एवढ्यासाठी वापरायची. आजोबांनी बांधलेली. जांभ्या दगडाचे चार-पाच तळखडे, त्यावर वेळूच्या, म्हणजे बांबूच्या मेढी, म्हणजे उभे खांब, वर वेळूचेच वासे, आणि भिंतीच्या जागी कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांचा विणलेला कूड शेणमातीनं लिंपलेला. पुराच्या पाण्यानं खालचं लिंपण धुऊन नेलं होतं, त्यामुळं आतली वीण उघडी पडली होती. उभ्या कामट्या, आडव्या कामट्या, एक खालून एक वरून, अगदी सुपासारखी. मी मेढ धरून जोरात हलवली. ती हलली आणि परत जागेवर आली.

कारण साधं आहे, पण ते कळायला मला भिंत पडावी लागली. मातीच्या विटांच्या घरात छपराचा भार भिंतीच पेलतात. भिंत भिजली की छप्पर गेलं. कुडाच्या घरात भार मेढींवर असतो, भिंत नुसता आडोसा. आडोसा धुऊन गेला तरी घर उभं राहतं आणि पाऊस ओसरल्यावर माणसानं परत लिंपून घ्यायचं. कोकणात, आमच्याकडं, चंदगडात, घाटमाथ्यावर सगळीकडं कारवीचे आणि वेळूचे कूड असेच असायचे. ज्या मुलखात पाऊस असा पडतो, तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भिजून शोधलेली ही रचना आहे.

पंचनाम्याला आलेल्या माणसांनी घराची नोंद घेतली. भिंतीची लांबी मोजली, उंची मोजली, फोटो काढले. पडवीकडं बघून विचारलं, "हे काय?" आई म्हणाली, "ते काय न्हाई, नुसतं कच्चं हाय."

हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. कच्चं. जी पडली ती भिंतही कच्ची, आणि जी उभी राहिली ती पडवीही कच्चीच. पुढं शोध घेतला तेव्हा कळलं की जनगणनेच्या घरयादीतही असंच आहे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, असे रकाने असतात, आणि तिथं गवत, झावळ्या आणि बांबू एकाच रकान्यात बसतात. भिंत आणि छप्पर दोन्ही त्या रकान्यातलं असेल तर ते घर तात्पुरतं. बांबू कुठला, किती वर्षांचा, कधी तोडलेला, कसा मुरवलेला, हे विचारायला रकाना नाही. आणि माझ्या मते घर टिकणार की नाही हे नेमकं याच चार प्रश्नांवर ठरतं.

हे मी आज ठामपणे लिहिते आहे, पण २०२० मध्ये मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी शिक्षिका, टाळेबंदीत शाळा बंद होत्या. मी गावी होते. पडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री लावून आईनं एक पावसाळा काढला होता आणि दुसरा तोंडावर आलेला. आमच्या शेताच्या बांधावर वेळूची दोन बेटं आहेत. म्हटलं, दुकानं बंद, गवंडी मिळत नाही, सिमेंट नाही, तर निदान एवढं तरी करू. शेजारच्या मुलांना घेऊन ज्येष्ठातच काठ्या तोडल्या. हिरव्यागार, सरळ, बघूनच मन भरावं अशा काठ्या निवडल्या. त्याच आठवड्यात उभ्या करून खिळे ठोकले. काही ठिकाणी काठी खिळ्याशीच उभी चिरली, तिथं सुतळी गुंडाळली.

दिवाळीला अंथरुणावर पिवळसर पीठ पडायला लागलं. आधी वाटलं, वरून माती पडते आहे. बोटावर घेतलं तर मैद्यासारखं मऊ. रात्री सगळं शांत झालं की कुरकुर ऐकू यायची. काठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकाखाली पिठाची छोटी रास. संक्रांतीपर्यंत दोन वासे हातानं मोडता येतील इतके पोकळ झाले होते. आई एवढंच म्हणाली, "म्हणून म्हणत होते, स्लॅब घालूया." माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते बेळगावात, बुरुडांच्या गल्लीत. शहराच्या गजबजाटात अजून काही घरांपुढं बुट्ट्या, सुपं, रोवळ्या मांडलेल्या दिसतात. तिथं एक म्हातारे काका बसतात. मराठीत बुरूड म्हणतात तेच कानडीत मेदार, आणि काका दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर मेदार केतय्यांचा फोटो आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळात टोपल्या विणून पोट भरणारे हे शरण, म्हणजे शिवभक्त संत, त्यांची कानडी वचनं आजही म्हटली जातात. मी पिशवीतून किडलेल्या काठीचा तुकडा काढून काकांपुढं ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"कवा तोडलीस?"

"ज्येष्ठात."

"मग किडा खाणार न्हाई तर काय करणार? कोंब यायच्या वक्ताला काठीत पीठ भरलेलं असतं, तंगी. तू किड्याला ताट वाढलंस." कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण.

एवढ्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते पुढं मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोन पानांत वाचायला मिळालं. बांबू म्हणजे झाड नव्हे, गवत. बेटाच्या मुळाशी कोंब फुटतो आणि एकाच पावसाळ्यात, काही महिन्यांत, काठी आपली पूर्ण उंची गाठते. पुढं ती जाड होत नाही, वाढत नाही, फक्त आतून निबर होत जाते. नव्या कोंबांसाठी बेटात पिष्टमय अन्न साठलेलं असतं, आणि काठी पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हवं असतं ते तेच. पावसाळा सरून कोंबांची वाढ पुरी झाली, थंडी पडली, की काठीतलं हे अन्न कमी असतं. म्हणून तोड मार्गशीर्ष-पौषातली. जुनी माणसं त्यातही अंधारा पंधरवडा धरतात. काका तर अमावास्येच्या अलीकडचे चार दिवस सोडून कोयता लावत नाहीत.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. मी निवडलेल्या हिरव्यागार, देखण्या काठ्या म्हणजे एक-दोन वर्षांची पिल्लं. कोवळी काठी वाळताना आकसते, सुरकुतते आणि सगळ्यात आधी किडते. घराला जून काठी लागते, तीन-चार पावसाळे बघितलेली. ती दिसायला मळकट, अंगावर पांढरट डाग, हिरवेपणा विटलेला. बेटात ती मधोमध असते, कारण नवे कोंब बाहेरच्या अंगाला येतात. म्हणून आळशी माणूस कडेच्या काठ्या तोडतो, आणि त्यात त्याचं घरही जातं आणि बेटही.

काका २०२१ च्या डिसेंबरात आमच्या बांधावर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बेटात शिरताना अंग असं चोरून घेतलं की एक काटा लागला नाही. आमचं एक बेट कळकाचं आहे, काटेरी, ज्याला कानडीत हेब्बिदिरू म्हणतात. दुसरं बिनकाट्याचं, जवळजवळ भरीव. त्याला आमच्याकडं कोणी मेस म्हणतं, कोणी माणगा, आणि कानडी मुलखात मरिहाळ. हा सह्याद्रीच्या याच पट्ट्यातला बांबू. गोवा, कोकण, कारवारची बाजू आणि आमचा घाटमाथा, हेच त्याचं मुख्य घर. काकांनी कोयत्याच्या पाठीनं एकेका काठीवर टकटक केली. एक काठी ‘भद’ वाजली. पुढची ‘टण’. ते म्हणाले, "ऐकलंस?" मला फरक कळला नव्हता. त्यांनी परत वाजवून दाखवली, आणि मग परत. दहाव्या-बाराव्या काठीला मला तो ऐकू आला, आणि त्या वेळी झालेला आनंद मला शिक्षिका म्हणून ओळखीचा होता. फक्त या खेपेला तो शिकणाऱ्याच्या बाजूचा होता.

कळकाच्या बेटाची खालची काटेरी गुंतवळ मी साफ करायला घेतली तशी त्यांनी माझा हात धरला. "ते काढू नको. त्याच्यामुळं तर कोंब वाचतो." गुरं, रानडुकरं, साळिंदरं कोवळ्या कोंबावर टपलेली असतात. तो काट्यांचा गराडा त्यांना आत येऊ देत नाही.

ही साधी गोष्ट न ऐकल्यानं आमच्या शेजारच्या जंगलांचं काय झालं, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे. दांडेलीची कागद गिरणी १९५० च्या दशकात उभी राहिली आणि कारवारकडच्या जंगलांतला बांबू तिला अगदी नाममात्र भावानं मिळायला लागला. टोपल्या विणणारा मेदार मात्र तोच बांबू बाजारभावानं विकत घेत होता. बांबू संपत चालल्याची ओरड बुरुडांनी केली. १९७० च्या दशकात गाडगीळ आणि त्यांचे सहकारी अभ्यासाला जंगलात गेले. तेव्हा दिसलं की बेटाची वाढ चांगली व्हावी म्हणून खालचे काटे साफ केले जात होते, आणि उघडे पडलेले कोंब जनावरं खाऊन टाकत होती. गावकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. मी ते वाचलं तेव्हा काकांनी धरलेला हात आठवला. त्यांनी गाडगीळ वाचलेले नाहीत. त्यांच्या वाडवडिलांनी बेटं वाचवली होती, एवढंच.

बांबूबद्दल आपल्या कायद्याचं धोरणही बराच काळ विचित्र होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दात बांबूही धरलेला होता. त्यामुळं स्वतःच्या बांधावर लावलेला वेळू तोडून न्यायलाही शेतकरी बिचकायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं आणि २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू ‘झाडा’तून वगळला गेला. नव्वद वर्षं लागली त्याला गवत म्हणायला. या नव्वद वर्षांत किती जणांनी बांधावर बेट लावायचा नाद सोडला असेल, हे मला आमच्या गावातल्या उघड्या बांधांवरून दिसतं.

आम्ही साठ काठ्या तोडल्या. तोड जमिनीलगत, पहिल्या पेराच्या नेमकी वर, म्हणजे बुडख्यात पाणी साचून कुजत नाही. मग ओढ्यात बुडवल्या. मलप्रभेला मिळणारा हा ओढा डिसेंबरातही वाहता असतो. काठ्यांवर दगड ठेवून तीन आठवडे तशाच राहू दिल्या. दुसऱ्या आठवड्यात पाण्याला आंबूस वास यायला लागला, भाताची पेज दोन दिवस राहिल्यावर येतो तसा. आई म्हणाली, "काठी आंबली." काका म्हणाले, "काठीतलं पीठ चाललंय पाण्यात." दोघांचं बरोबर होतं. बाहेर काढल्यावर काठ्या सावलीत उभ्या करून वाळवल्या. उन्हात वाळवली की चिरते.

मेढी आणि मुख्य वाशांच्या काठ्यांना आम्ही आणखी एक संस्कार केला, आणि तो काकांच्या परंपरेतला नाही. लांब सळईनं पेरांचे आतले पडदे फोडले, परड्यात खड्डा खणून ताडपत्री अंथरली, १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि २ किलो बोरिक आम्ल या मापानं पाणी तयार केलं आणि काठ्या आठवडाभर त्यात बुडवून ठेवल्या. माणसाला याचा त्रास कमी, आणि भुंगेरा, वाळवी जवळ येत नाही. अडचण एकच, हे द्रव्य पावसात भिजलं की हळूहळू धुऊन जातं. म्हणून काठी भिजूच द्यायची नाही. काका खड्ड्याकडं थोडा वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "बरं हाय हे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता आईचं म्हणणं सांगते. बांबूवर लिहिणारी बहुतेक माणसं ते सोडून देतात.

आईला स्लॅबचं घर हवं होतं. मला वाटायचं, चार लोकांत दिसायला बरं म्हणून. एकदा रात्री चुलीपाशी बसलो असताना तिनं आपले हात पुढं केले. "पंचेचाळीस वर्षं सारवतेय. दर सणाला, दर पावसाळ्यानंतर. भिंती लिंपायच्या, जमीन करायची, खोपडे भरायचे. तुझ्या बाबांनी एकदा तरी हात लावला? स्लॅबला सारवायला लागत नाही, एवढंच मला कळतं." तिची बोटं सांध्यांशी वाकलेली आहेत. मी शहरातून येऊन तिला मातीच्या घराचा गारवा सांगत होते.

त्या रात्रीपासून माझा विचार बदलला. जुनी घरं निसर्गाला धरून होती हे खरं, पण ती धरून ठेवायचं काम बायकांच्या मनगटांवर होतं आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नवं बांबूचं घर बांधायचं तर ते काम त्यातून काढलं पाहिजे. नाहीतर आईचा स्लॅबचा हट्टच बरोबर.

वाट सापडली. बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेनं, जिला सगळे इपिर्ती म्हणत, ब्रिटनच्या ट्राडा या लाकूड संशोधन संस्थेबरोबर बांबूच्या घराची एक पद्धत बसवली आहे. बांबूचे खांब, मध्ये चिरलेल्या कामट्यांची जाळी, त्यावर कोंबडीजाळी आणि दोन्ही अंगांनी सिमेंटचा पातळ गिलावा. भिंत जेमतेम दोन इंचांची. असं घर भूकंपाचे हादरे देणाऱ्या टेबलावर चाचणीला ठेवलं तेव्हा ते टिकलं. मुळात आज्जीच्या कुडाचीच ही रचना, शेणमातीच्या जागी गिलावा. कोलंबियात याला बाहरेके म्हणतात. तिथं जानेवारी १९९९ च्या आर्मेनिया शहराच्या भूकंपात नीट राखलेली बाहरेके घरं तरली, आणि वाईट बांधलेल्या विटा-काँक्रीटच्या इमारतींखाली माणसं गेली. आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर. हलकं घर पडलं तरी सहसा जीव घेत नाही. हे मी माझ्या सहावीच्या मुलांना दरवर्षी सांगते.

बंगळूरचं हे ऐकून मी घरदुरुस्तीच्या कर्जासाठी एका बँकेत गेले. अधिकारी सभ्य होते, चहा दिला. पण म्हणाले, "मॅडम, बांबू म्हणजे टेंपररी." दुसऱ्या खेपेला मी कागद घेऊन गेले. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूला वेगळं प्रकरण आहे, भारतीय मानक ब्युरोची बांबूच्या बांधकामासाठी स्वतंत्र संहिता आहे, आयएस १५९१२. त्यांनी कागद चाळले, परत दिले, आणि स्लॅब घालणार असाल तर लगेच करून देतो म्हणाले. मला त्या माणसाचा राग नाही. त्यांच्याही पुढ्यात तोच रकाना आहे. पण या देशात ज्यांना घरासाठी थोडेच पैसे लागतात त्यांना ते मिळत नाहीत आणि ज्यांना जास्त लागतात त्यांना मिळतात, याचं दुःख मात्र अजून आहे.

मग माझ्या भविष्य निधीतून पैसे काढले आणि २०२२ च्या शिमग्याच्या आधी काम सुरू केलं. दहा फूट बाय चौदा फुटांची खोली, पडलेल्या भिंतीच्या जागी. गावातला सुतार, काका आणि खानापूरहून आलेला एक तरुण गवंडी. जोतं जांभ्याचं, दोन फूट उंच, म्हणजे पागोळ्यांचं उडणारं पाणी मेढीला लागत नाही. छपराला चारी बाजूंनी तीन-तीन फूट पाखं पुढं काढली. कौलं जुनीच, खानापुरी मातीची. चिखलातून काढून आईनं धुऊन ठेवलेली होती.

सांध्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. बांबूचे तंतू उभे असतात. उभ्यानं ओढलं तर ताकद विलक्षण, पण आडवं काही ठोकलं की उभी चीर. ‘हिरवं पोलाद’ वगैरे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. पोलाद सगळ्या अंगांनी सारखं, बांबू तसा नाही. म्हणून खिळा नाही. आधी बारीक भोक पाडायचं, मग बोल्ट. आणि जोड शक्यतो पेरापाशी, कारण तिथं काठी चेपत नाही. सुतारानं आयुष्यभर सागवान केलेलं. पहिले दोन दिवस तो वैतागला होता. तिसऱ्या दिवशी दोन वाशांचा सांधा त्यानं माशाच्या तोंडासारखी खाच घेऊन असा बसवला की मध्ये कागद जाईना. त्या सांध्यावर तो बराच वेळ हात फिरवत राहिला.

खर्चाचं विचारणारे बरेच भेटतात. गवंड्यानं त्याच आकाराच्या स्लॅबच्या खोलीचा जो अंदाज दिला होता, त्याच्या निम्म्याहून कमीत आमचं झालं. पण त्यात काठ्या घरच्या होत्या, कौलं घरची होती. सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा, आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. सिमेंट आणि लोखंडाचे पैसे गावातून बाहेर जातात. आमचे पैसे तीन घरांत गेले, त्यातली दोन आमच्याच पंचक्रोशीत. वाळूही अगदी थोडी लागली. मलप्रभेच्या पात्रातून वाळू काढून काढून काय झालंय, ते आमच्या गावात सांगायला नको. ज्याच्या बांधावर बेट नाही आणि जवळ कारागीर नाही, त्याला बांबू स्वस्त पडेलच असं नाही. लांबून ट्रकनं आणलेला, यंत्रात दाबून संस्कार केलेला बांबू महागच असतो. स्वयंपाकघराची चुलीकडची भिंत आम्ही भाजक्या विटांची ठेवली, आणि न्हाणी तर पूर्ण वेगळी, दगडाची. जिथं आग आणि रोजचं पाणी, तिथं बांबूला ढकलू नये. दर दिवाळीला मी सगळे बोल्ट तपासते आणि वाशांवर टॉर्च मारून भोकं शोधते. हे काम मी माझ्याकडं घेतलं आहे, आईकडं दिलेलं नाही.

खोली पुरी झाली त्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळाच्या दुसऱ्या इमारतीचं उद्घाटन झालं. तिचं छत बांबूचं आहे. पुढं माझा भाचा तिथं उतरला आणि त्यानं आईला फोनवर व्हिडिओ दाखवला. आई चष्मा लावून बघत होती. उंचच उंच छत, ओळीनं लावलेल्या बांबूच्या पट्ट्या, खाली चकचकीत फरशीवर चालणारी माणसं. ती वर आपल्या आढ्याकडं बघून म्हणाली, "हे आपलंच की गा." त्यानंतर शेजारणी आल्या की तिनं खोलीला कच्चं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हापासून चार पावसाळे गेले. गिलाव्याला दक्षिणेच्या अंगाला एक केसासारखी चीर आली होती, ती बुजवली. उन्हाळ्यात दुपारी गावातली स्लॅबची घरं तापतात तेव्हा शेजारची पोरं अभ्यासाला आमच्याकडं येऊन बसतात. कणगी आता याच खोलीत आहे, काकांनीच विणून दिलेली नवी. गेल्या वर्षीपासून त्यांना नीट दिसत नाही. मुलगा हुबळीला कंपनीत आहे. परवा भेटायला गेले तर म्हणाले, "तुझी काठी वाजती कशी अजून?" मी म्हटलं, टण वाजते. "मग चार-दोन पोरं घेऊन ये माझ्याकडं, ऐकायला शिकिवतो." जानेवारीत मी सहावी-सातवीतली सहा मुलं घेऊन जाणार आहे. दोन मराठी वर्गातली, चार कानडी.

बांधावरच्या बेटात कुठली काठी किती वर्षांची हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून काकांनी एक युक्ती सांगितली होती. दर वर्षीच्या नव्या काठ्यांना एका रंगाची खूण करायची. आईनं रंग आणला नाही. तिनं जुन्या साड्यांच्या चिंध्या काढल्या. २०२२ च्या काठ्यांना हिरव्या, २०२३ च्या पिवळ्या, गेल्या वर्षीच्या जांभळ्या. यंदा, २०२५ ला, मेसाच्या बेटाला अकरा कोंब आले. श्रावण सरल्यावर एका सकाळी ती कमरेला पदर खोचून बेटात शिरली आणि अकराही जणांना तिच्या लाल इरकलीच्या काठाच्या चिंध्या बांधून आली. या तोडायच्या २०२९ च्या मार्गशीर्षात. तिनं ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे, आणि ते पान फाडून वाशाला अडकवलं आहे.